सगळ्यांना घाटावर आण

संस्थानची फौज भारतीय सेनेत विलीन झाली तेव्हा मी हवालदार होतो. टोपीवरची खूण बदलली, पलटणीचं नाव बदललं, आमची निम्मी माणसं घरी गेली आणि त्यांच्या जागी दुसऱ्या पलटणींतली आली. पोस्टिंग मात्र ग्वाल्हेरलाच राहिली. माझं घर लष्करमध्ये, इंदरगंजच्या मागे. लष्कर हे आमच्या शहराचंच नाव. दख्खनहून आलेल्या फौजेनं किल्ल्याखाली तळ टाकला आणि तो पुन्हा उठलाच नाही; तंबूंच्या जागी घरं झाली. माझे पूर्वज त्या तळातले.

मला नकाशांचं वेड. नव्या माणसांना मॅप रीडिंग शिकवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी वर्ग सोडून त्यांना किल्ल्याच्या डोंगरावर नेऊ लागलो. उत्तरेला, नजरेच्या पलीकडे, चंबळ. दक्षिणेला माळव्याची वाट. मधे हा एकटा उभा दगड. मी म्हणायचो, "राजे नंतर आले. आधी हा दगड आला. तो इथं आहे म्हणून ते इथं लढले." हे सांगताना माझा आवाज चढायचा. आजही चढतो.

नाईक तुकाराम शेलार त्या नव्या माणसांतला. साताऱ्याकडचा, पाटणच्या वरच्या अंगाला असलेल्या खेड्यातला. मला सगळे उस्ताद म्हणत, तोही म्हणे, पण पहिल्याच आठवड्यात त्यानं मला सुनावलं, "उस्ताद, तुमची मराठी म्हंजे लुगडं नेसलेली हिंदी हाय."

"आणि तुझी हिंदी?"

"ती उघडीच हाय."

सगळी बरॅक हसली. मीही हसलो. त्याचं खोटं नव्हतं. आम्ही घरात मराठी बोलायचो, पण अर्धे शब्द बाजारातून घरात आलेले.

एकदा आम्ही चंबळच्या बीहडात सरावाला गेलो. शेलार ट्रकमधून उतरला आणि चहूकडे बघत राहिला. सपाट शेत चाललेलं असतं आणि एकदम पायाखालून जमीन संपते. खाली घळी, घळींच्या आत घळी, मैलोन्‌मैल. तिथले लोक त्यांना भरके म्हणतात.

"डोंगर कुठं हाईत?" त्यानं विचारलं.

"आमच्याकडे डोंगर खाली असतात."

"आमच्याकडं मानूस जीव वाचवायला वर पळतो. हितं खाली पळतो व्हय?"

"बागी, म्हणजे इथले दरोडेखोर, तेच करतात. वर किल्ला बांधतो तो राजा, खाली लपतो तो बागी."

त्याला हे फार आवडलं. त्यानं कडेचं एक ढेकूळ उचललं. "ह्यात दगड न्हाईच?"

"नाही. सगळी माती."

पुढं आणखी एक वाक्य सांगायला हवं होतं. तेवढ्यात फॉल-इनची शिटी झाली. ते राहिलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात चंबळला पूर आला. मल्लाहपुरा नावाचं नावाड्यांचं गाव होतं. पुढं नदी, मागं भरके. भरक्यांत पाणी भरलं आणि गाव सडकेपासून तुटलं. आमच्या पलटणीला निघायचा हुकूम सकाळीच आला. लेफ्टनंटसाहेब, दोन नावा, वायरलेसचे दोन सेट. साहेबांनी शेलारला एक सेट आणि दोन जवान देऊन पहिल्या नावेनं गावात उतरवलं. नाव परत आल्यावर मला म्हणाले, "सेटवर सांग. गावातले सगळे घाटावर जमा करायचे. आपण दोन्ही नावा तिथेच लावतो."

शेलारची हिंदी कच्ची होती म्हणून मी मराठीत बोललो. "सगळ्यांना घाटावर आण. आम्ही निघालोय. ओव्हर."

"सगळ्यांना घाटावर. समजलं. ओव्हर."

नदी तांबडी, फुगलेली, आवाज असा की शेजारचा माणूस ऐकू येत नव्हता. नाव फिरत होती, वल्ही मारून आमचे हात भरून आले, आणि मी, खरं सांगतो, खूश होतो. इतकी वर्षं कागदावर पाहिलेली नदी अंगावर धावून येत होती. घाटाच्या दगडी पायऱ्या दिसल्या. नाव लागली. घाटावर चिटपाखरू नव्हतं.

"शेलार, कुठं आहेस? ओव्हर."

"घाटावर. तुम्ही कुठं? ओव्हर."

"मी घाटावर आहे!"

"हितं तर कुनी दिसत न्हाई, उस्ताद."

मी वर पाहिलं. गावामागं मातीची एक उंच सोंड होती. तिच्यावर गावची सगळी माणसं रांगेनं उभी. बायका, पोरं, शेळ्या. पुढं शेलार, हात हलवत.

"अरे, घाट म्हणजे नदीचा किनारा! नाव लागते ती जागा!"

"घाट म्हंजे चढन, उस्ताद! आमच्या डोंगरात घाट चढत्यात! मान्सं नदीकडं निघाली व्हती, मीच वर वळवली!"

दख्खनमध्ये घाट दोन, नदीचा आणि डोंगराचा; दख्खन सोडल्यावर माझ्या घराण्याच्या तोंडातला घाट डोंगरावरून उतरून कायमचा नदीकाठी आला होता. आम्हाला ते कधी कळलंच नव्हतं. लेफ्टनंटसाहेब संतापले. "खाली आण त्यांना, फौरन!" मी सेट तोंडाशी नेला आणि आमच्या नावेतला म्हातारा मल्लाह ओरडला, "साहब, पानी उलटो चढ रओ है!"

नदी फुगली की भरक्यात उलटी शिरते. घाटाच्या बाजूचा भरका तेवढा रिकामा राहिला होता; तोही आता भरला. पाणी मागून आलं, पुढचं पाणी त्याला भिडलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत घाटाच्या पायऱ्या, पिंपळाचा पार, सगळं खाली गेलं. आम्ही नावेत होतो म्हणून तरलो. गाव तिथं उभं असतं तर गाव गेलं असतं.

मी सेटवर नुसता ओरडत सुटलो. "तिथंच थांब! शाबास! घाटावरच थांब!"

"मग? घाट कुनाचा खरा?"

"तुझा! तुझाच खरा!"

आता भरकाच आमचा रस्ता झाला. त्याच भरक्यातून नावा आत घातल्या आणि सोंडेच्या पायथ्याला लावल्या. शेलारनं वरून रस्सा सोडला. पोरं, मग बायका, मग म्हातारे. एक खेप सडकेवर, की दुसरी. लोक हसत होते, रडत होते, एक आजी शेळी सोडायला तयार नव्हती. शेलार म्हणाला, "येऊ द्या, उस्ताद. ती बी गावातलीच हाय." दुपारपर्यंत सगळं गाव निघालं. त्याचे दोन जवान उतरले. तो एकटा उरला, कडेवर पाय रोवून, रस्सा गुंडाळत. मी खालून हसत होतो. काहीतरी थट्टाच करणार होतो.

ती कड त्याच्यासकट खाली आली. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. बीहडाची माती पाण्यात गुळासारखी विरघळते. हे मला लहानपणापासून माहीत होतं. राहिलेलं वाक्य तेच होतं: कडेला उभा राहू नकोस.

आम्ही अंधार पडेपर्यंत शोधलं. तो तिसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडला.

मी रजा काढून त्याच्या गावी गेलो. त्याचे वडील मला घाटमाथ्यावर घेऊन गेले. ते अगदी कड्याच्या टोकावर उभे राहिले. खाली ढग होते. मी त्यांना हात धरून मागं ओढलं. ते म्हणाले, "भिऊ नगा. हितला दगड हलत न्हाई." मी त्यांना सगळं सांगितलं, न सांगितलेल्या वाक्यासकट. ते बराच वेळ कातळावर पाय घासत राहिले. मग म्हणाले, "मान्सं किती वाचली?"

"सगळी."

"मग चला, जेवून घ्या."

मी त्यांच्या मागोमाग निघालो.

मध्य भारत नावाचं आमचं राज्य जाऊन मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, मी पेन्शनीत निघालो. गेल्या पावसाळ्यात चंबळ पुन्हा चढली, तेव्हा राहवलं नाही, मल्लाहपुऱ्याला गेलो. गावात धावपळ होती. एका बाईनं पोराला हाक मारली, "चल, जल्दी चल, घाट पे!"

पोरगं थांबलं. "कौन से घाट पे, अम्मा? नदीवारे?"

"नईं रे. सिपाहीवारे."

आणि गाव वर चढू लागलं. सोंडेच्या कडेपासून बरंच आत कुणीतरी दगडांची ओळ मांडून ठेवली होती. तिच्यापुढं कुणी जात नव्हतं.