विचारून उतरणारे शेजारी

वारज्यातले माझे शेजारी खडकीला नोकरी करून निवृत्त झालेत. गुडघ्यांसाठी ते दर थंडीत कोकणातल्या गरम पाण्याच्या जुन्या कुंडांवर जातात. तीन वर्षांपासून गाडी माझी असते. मी वेग वाढवला की म्हणतात, "अहो, कुंड पळून जात नाहीये."

तिथल्या दगडी न्हाणीघरात मात्र त्यांचा आवाज मऊ होतो. पहिल्या पायरीवर उभं राहून, कुंडात कुणी नसतानाही, ते पाण्याला विचारतात, "येऊ का?" थोडं थांबतात आणि मगच उतरतात.

या जानेवारीत ते बराच वेळ थांबले आणि मागे फिरले. "आज नको."

"एवढ्या लांब येऊन?" म्हणत मी उतरलो. वरचं पाणी कढत होतं, पण तळाशी माझे घोटे बर्फात रुतल्यासारखे गार पडले. पाय उचलेनात. मी हाक मारायच्या आत त्यांनी मला दंडाला धरून वर ओढलं आणि लहान मुलाचे पुसावेत तसे माझे पाय स्वतःच्या पंच्याने पुसले.

मग पाण्याकडे वळून त्यांनी हात जोडले.

"माफ करा," ते हळूच म्हणाले, "यांना अजून ऐकू येत नाही."