भोंगा झाला तर पोरीला कुठं नेतात

लेक म्हणते, बाबा, ते आता विसरा. म्हणून तर लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्षर वाकडं, पण भोंगा झाला की काय करायचं ते मला कुणी सांगायला नको.

एकाहत्तरच्या लढाईत मी गुजरातेत एका बंदरावर माल उतरवायच्या कामाला होतो. सरकारी माणसं येऊन शिकवून गेली होती. खंदकात पालथं पडायचं, कोपरं रोवायची, छाती जमिनीला टेकू द्यायची नाही, हादरा जमिनीतून येतो. दातात रुमाल, कानात कापसाचे बोळे. आम्ही हसलो होतो. मग एका संध्याकाळी भोंगा झाला, विमानं आली आणि तेलाची टाकी पेटली. खिडक्यांना काळे कागद चिकटवून लपवलेलं आमचं गाव त्या उजेडात परातीसारखं उघडं पडलं. खंदकात माझ्या शेजारी मालाचं वजन करणाऱ्या काटेवाल्याची बायको होती, छातीशी लहान मुलगी. पोरीच्या कानात बोळे घालायला तिला वेळच मिळाला नाही. सकाळी ती बाई मागून हाका मारत होती आणि पोर पुढं बघून वाळूत खेळत होती. मान वळवत नव्हती. मला अजून कुणी मागून हाक मारली आणि ती ऐकू आली की बरं वाटतं.

आता मी परदेशात, कॅरी नावाच्या गावी लेकीकडं असतो. नात अजून रांगतेय. लेक-जावई ऑफिसला गेले की पोर माझ्याकडं. परवा दुपारी ती क्रिबमध्ये झोपली होती आणि भोंगा झाला. तोच, चढत जाणारा. माझे पाय आपोआप हलले. पोरीला उचललं, जिन्याखालच्या क्लोजेटमध्ये शिरलो, दार ओढून घेतलं. तिच्या कानात खिशातला कापूस घातला आणि कोपरं टेकून तिच्यावर छपरासारखा झालो. भोंगा थांबला तरी हललो नाही. थांबल्यावरच तर विमानं येतात. पोर आधी रडली, मग माझी दाढी ओढत बसली. वरचा जिना अंगावर पडला तर आपणच हिला चिरडू, अशी नवीनच भीती शिरली.

फोन किचनमध्ये राहिला होता. लेकीनं ऑफिसातून कॅमेऱ्यात बघितलं तर क्रिब रिकामी. गाडी पळवत आली आणि घरभर हाका मारत फिरली. मी आतून ओ दिली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"बाबा, जवळच्या अणुवीजकेंद्राचे भोंगे आहेत ते. टेस्ट करतात अधूनमधून. ईमेल आला होता, मी सांगायला विसरले." मग तिला कापूस दिसला. "हे तिनं तोंडात घातलं असतं तर? श्वास अडकला असता."

"कान गेले असते तर?" मी म्हणालो.

संध्याकाळी जावई हसत म्हणाले, "बाबा, इथवर यायला त्यांच्या विमानांना पेट्रोल तरी पुरेल का?"

"तिथंही येणार नाहीत म्हणणारे पुष्कळ होते," मी म्हटलं.

जेवताना लेक खाली बघून म्हणाली, सोमवारपासून पोरीला डे-केअरमध्ये घालू या. मी चूक कबूल करणार नव्हतो आणि आडवाही येणार नव्हतो. एवढंच म्हणालो, "घाल. पण भोंगा झाला तर तिथं पोरीला कुठं नेतात, ते मला दाखव."

दाखवायला घेऊन गेली. तिथल्या बाईंनी आतली एक खोली उघडली. खिडकी नाही, भिंती जाड. वादळाची सूचना आली की सगळ्या पोरांना इथं आणतात. मला पटलं. दार बंद करून आवाज किती येतो तेही बघितलं. मग बाईंनी दाराच्या आतल्या कडीवर हात ठेवला आणि हळू आवाजात बरंच काही बोलल्या. लेक मान हलवत राहिली, मला सांगेना.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही, बाबा."

"मी चौथी शिकलोय, आंधळा नाही."

ती म्हणाली, "कुणी बंदूक घेऊन आत शिरला तर पोरांना याच खोलीत आणून लाइट बंद करतात. गप्प बसायची प्रॅक्टिस देतात."

विमानाचा निदान आवाज यायचा. रांगणारं पोर गप्प कसं बसवतात, हे विचारायला मला इंग्रजी येत नव्हतं, आणि लेकीला विचारायचा धीर झाला नाही.

गाडीत बसल्यावर मी सांगितलं, "सोमवारी सोडायला मीही येणार. आणि तू न्यायला येईपर्यंत तिथंच बसणार."

"बाबा, तिथं कुणाला बसू देत नाहीत."

"मग बाहेर रस्त्यावर बसेन. तिथून दार दिसतं."

तिनं गाडी सुरू केली. मग म्हणाली, "बाहेर थंडी असते. जाड जॅकेट घ्या."