मेजर ब्रांडेलचे कान

युस्टुस ब्रांडेल हा स्टेटिनच्या एका पाववाल्याचा मुलगा. त्या काळी प्रशियाच्या घोडदळात अधिकारी व्हायचं तर नावाआधी खानदानी ‘फॉन’ लागायचं. तोफखान्यात गणित आलं तरी भागायचं. त्यामुळे घोडदळवाले तोफखान्याकडे बघून नाकं मुरडायचे आणि लढाई जुंपली की त्याच्याच आडोशाला येऊन उभे राहायचे. ब्रांडेलला गणित असं यायचं की टेकडीकडे नुसतं बघून तो अंतर सांगे, आणि ते पन्नास पावलांपलीकडे कधी चुकत नसे. कोनिगग्रेट्झच्या लढाईत तो लेफ्टनंट होता, सेदानच्या लढाईत कॅप्टन. सेदानला त्याच्या सहा तोफा सकाळपासून संध्याकाळपर्यंत धडाडत होत्या. फ्रेंच शरण आले, ब्रांडेलच्या छातीवर लोखंडी क्रॉस लागला, आणि त्याच दिवसापासून त्याचे कान जायला लागले.

एकदम नाही गेले. आधी चिमण्या गेल्या, मग चर्चची घंटा, मग बायकोचं बोलणं. मेजर होईपर्यंत डोक्यात एक न थांबणारी गुणगुण तेवढी उरली.

हे वरच्यांना कळलं असतं तर नोकरी संपली असती. प्रशियन फौजेत मेजरच्या पायरीवर भलेभले घसरत. ज्यात काही कमी आढळेल त्याला वरून निळं पाकीट यायचं : आभार, आता घरी बसा. सत्तेचाळिसाव्या वर्षी घरी बसून ब्रांडेल करणार काय? त्याला तोफांपलीकडे काही येत नव्हतं, आणि आपल्याइतकी तोफ कुणाला कळत नाही याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी म्हणतो, त्यात चूकही काही नव्हतं.

मग त्याने बहिरेपणाची बेमालूम व्यवस्था लावली. घोडीचे कान जिकडे वळतील तिकडे कुणीतरी बोलतंय हे ओळखून तो मान वळवी. बिगुलवाला सार्जंट पोल्झिन सावलीसारखा शेजारी असे आणि हाताच्या खुणांनी हुकूम सांगे. मेजवानीत हे काम त्याची बायको डोरेटे करी. टेबलाखाली एकदा पाय मारला की हो, दोनदा मारला की नाही.

“ब्रांडेल, काल कर्नलच्या बायकोला तू हो म्हणालास,” एकदा ती त्याच्या तोंडासमोर येऊन, ओठ सावकाश हलवत म्हणाली.

“मग? तू एकदाच पाय मारलास.”

“दुसरी लाथ कर्नलला बसली रे! ती विचारत होती, मी जाडी झालेय का म्हणून!”

अठराशे पंच्याऐंशीच्या जूनमध्ये तपासणीला जनरल फॉन टेसमार आले. पांढऱ्या मिशा इतक्या दाट की ओठ दिसायचं नाव नाही. टेकडीवर ब्रांडेलच्या तोफा भरून तयार होत्या. समोर लाकडी निशाणांच्या दोन रांगा होत्या, एक ओढ्याकाठी आणि एक वीटभट्टीजवळ. त्यांतल्या एकीच्या खड्ड्यात निशाणं सांभाळणारी माणसं अजून बसलेली होती. कोणत्या, ते गोळीबाराच्या हुकमातच कळायचं होतं.

तेवढ्यात टेसमारांनी पोल्झिनकडे पाहून टेकडीखाली बोट दाखवलं. बिचाऱ्याचा चेहरा पडला. सलाम ठोकून तो निघून गेला. मग जनरलांनी समोर मोघम हात फिरवला आणि मिशांच्या आड काहीतरी म्हणाले.

ब्रांडेलने सवयीने सलाम केला. तोफांवरची माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. ओढा की वीटभट्टी? अंदाज केला असता तर निम्मी आशा होती. निम्म्या आशेवर त्याने पाच वर्षं मेजवान्या निभावल्या होत्या, पण खड्ड्यातली माणसं तशी निभावता येत नाहीत. त्याने घोडी वळवली.

“साहेब, हुकूम कळला नाही. मला ऐकू येत नाही.”

टेसमारांनी मान पुढे काढली आणि कानामागे हात धरला. ब्रांडेलला वाटलं, म्हातारा टिंगल करतोय. त्याचं डोकंच फिरलं.

“मी बहिरा आहे, साहेब!” तो परेडच्या आवाजात ओरडला. “सेदानपासून! हुकूम लिहून द्या!”

आता सगळ्या टेकडीने ऐकलं. त्याने खिशातली वही आणि पेन्सिल जनरलांसमोर धरली. टेसमार लालबुंद झाले, पण त्यांनी लिहिलं : वीटभट्टी. ब्रांडेलने अंतर सांगितलं. पहिला गोळा किंचित लांब गेला, दुसरा आखूड पडला आणि तिसऱ्याने फळ्या हवेत उडाल्या.

जनरलांनी पुन्हा वही मागितली. निळं पाकीट इथेच मिळतंय म्हणायचं, असं मनाशी म्हणत ब्रांडेलने ती दिली. त्याला पश्चात्ताप नव्हता. उलट अंगावरचं जड दप्तर उतरल्यासारखं हलकं वाटत होतं. टेसमार बराच वेळ लिहीत होते.

‘मलाही येत नाही. कोनिगग्रेट्झपासून. इतकी वर्षं मी अंदाजानेच तपासण्या केल्या. हे कबूल करायची छाती मला झाली नाही.’

ब्रांडेलने ते पान फाडलं, चार घड्या घालून तोंडात टाकलं आणि जनरलांच्या डोळ्यांत बघत सावकाश चावून गिळलं. दोघांनी एकमेकांना सलाम केला.

छावणीत बोभाटा व्हायचा तो झालाच. महिन्याभराने तपासणीचा अहवाल आला. लखोटा डोरेटेनेच फोडला आणि मजकुरावर बोट ठेवून नवऱ्यासमोर धरला. ब्रांडेलविषयी त्यात एकच ओळ होती : ‘या अधिकाऱ्याला कोणताही हुकूम दोनदा सांगावा लागत नाही.’

त्या ओळीवर तो कर्नल झाला, आणि पुढे जनरलही.