थोडं इकडेतिकडे

पनवेलच्या कोर्टातून जेवायला घरी आलो होतो. हात धुतो न धुतो तोच फोन वाजला. नलूवहिनी होत्या. "भावजी, या जरा इकडे... घाई नको." या बाईंनी मला आजवर कितीतरी वेळा बोलावलं असेल, आणि दर वेळी 'लगेच या' म्हणून. घरात नुसती वालाची उसळ झाली तरी 'लगेच या'. त्यामुळे 'घाई नको' ऐकलं आणि समजायचं ते समजलो. ताट तसंच टाकून निघालो. वहिनींचे यजमान, चौबळ, खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसल्या बसल्याच गेले होते, चष्मा डोळ्यांवर, मांडीवर वर्तमानपत्र. कोपऱ्यावरचे डॉक्टर येऊन गेले होते, त्यांनी हृदयविकार म्हणून सांगितलं. मला विचाराल तर चौबळांना दुसरंच काहीतरी खात होतं. पण पुराव्याशिवाय बोलायचं नाही, एवढं चौबळांनी मला या वयात शिकवलं आहे, म्हणून जे झालं तेवढंच सांगतो. त्याला आता दीड महिना होत आला.

डॉ. दत्तात्रय चौबळ हे नाव पनवेलमध्ये पुष्कळांना ठाऊक होतं. आधी 'बॉम्बवाले चौबळ' म्हणून, आणि शेवटच्या दीड वर्षात 'ते चौकशी चाललेले' म्हणून. मूळचे ते पदार्थविज्ञानाचे डॉक्टर. एका सरकारी संशोधन केंद्रात वीस-बावीस वर्षं किरणोत्सर्ग मोजायचं काम केलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी नोकरी सोडून नलूवहिनींसह इथे वडाळे तळ्याजवळ राहायला आले. माझी त्यांची ओळख झाली ती भांडणातून. घराच्या प्रतिज्ञापत्रासाठी ते माझ्या ऑफिसात आले आणि शेवटच्या ओळीवर अडून बसले. 'वरील मजकूर खरा व बरोबर आहे' असं टाइप केलेलं. ते म्हणाले, "क्षेत्रफळ मी स्वतः टेप लावून मोजलंय, पण भिंत काही सरळ नाही. थोडं इकडेतिकडे, असं घाला." मी म्हटलं, अहो, प्रतिज्ञापत्रात इकडेतिकडे चालत नाही. त्यावर ते अगदी शांतपणे म्हणाले, "मग प्रतिज्ञा कशावर करायची?" माझी टायपिस्ट पदरात तोंड लपवून हसत होती. मी चिडलो, चांगलाच चिडलो. मग चहा मागवला, आणि तेव्हापासून रोज सकाळी तळ्याभोवती आम्ही दोघं फिरायला लागलो.

हे 'इकडेतिकडे' म्हणजे त्यांची लकब नव्हती, ती त्यांची नीती होती. कुठलंही माप सांगायचं तर त्यात आपली चूक किती असू शकते तेही सांगायचं, नाहीतर ते माप खोटं, असं त्यांचं म्हणणं. स्वयंपाकघराच्या दाराला त्यांनी खिळा मारून एक स्प्रिंगचा काटा टांगला होता. रद्दी असो, बाजारातनं आणलेला गूळ असो की पाहुण्यांची बॅग, सगळं त्याला लटकायचं आणि चौबळ वाकून आकडा वाचायचे. "चार किलो. पाव किलो इकडेतिकडे." वहिनी म्हणायच्या, "लग्नाला होकार दिला तेव्हासुद्धा 'बहुधा' म्हणाले होते हे. माझे वडील उठून चालले होते." चौबळ हसायचे. नाकारायचे मात्र नाहीत.

नोकरी का सोडली, हे मी एकदाच विचारलं. तिथे काम करणाऱ्या माणसांच्या अंगावर किती किरणं पडली ते मोजायचं, हे त्यांचं काम होतं. "माझं आयुष्य त्यात गेलं, वकीलसाहेब. एक दिवस वाटलं, हे शहरावर पडलं तर मोजायला कोण उरणार?" एवढंच. त्यानंतर त्यांनी तो ध्यासच घेतला. एक जुना स्लाइड प्रोजेक्टर मिळवला आणि वाचनालयात, शाळांच्या हॉलमध्ये, पेणपासून उरणपर्यंत जिथे बोलावतील तिथे जाऊन बोलायला लागले. अणुबॉम्ब म्हणजे काय, तो पडला तर काय होतं. भिंतीवर आपल्या भागाचा नकाशा लावायचे आणि त्यावर स्टीलची ताटली ठेवून पेन्सिलीनं वर्तुळ काढायचे. खारघरचा डोंगर आत, पळस्प्याचा फाटा आत, करंजाडे तर पुरतं आत. वहिनींच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही त्यांनी सोडलं नाही. बायका एका हातात वाण आणि दुसऱ्या हातात तिळगूळ घेऊन ताटलीकडे बघत बसल्या होत्या. उरणच्या बाजूला एका गावात देवळाच्या मंडपात कार्यक्रम होता. मी सोबत होतो. एक म्हातारबाबा उठून म्हणाले, "डाक्टर, त्यो बॉम पडला तर आमचं मिठागर राहील का नाय, येवढंच सांगा. बाकी आमाला समजत नाय." चौबळ म्हणाले, "मला नक्की माहीत नाही, बाबा. बहुधा नाही राहणार." म्हातारबाबांनी विचारलं, "बहुधा म्हंजे?" चौबळ म्हणाले, "म्हणजे मला याच्यामुळे झोप लागत नाही." मंडपात कोणी हललं नाही. मी कोर्टात इतकी भाषणं ठोकली, पण माझं एवढं कोणी कधी ऐकलं नाही.

मग गेल्या वर्षी मे महिन्यात वाळवंटात अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या. आमच्या नाक्यावर फटाके फुटले, पेढे वाटले. चौबळांनाही कोणी तरी पेढा दिला, त्यांनी तो खाल्ला नाही आणि टाकलाही नाही, हातात धरून तसेच घरी आले. आठवड्याच्या आत त्यांनी वाचनालयात सभा घेतली. माणसं दहा-बारा, त्यातली निम्मी वाद घालायला आलेली. ज्यांनी ही विद्या शिकवली त्यांच्या हाताखाली मी वाढलो, मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण हे आनंदाचं काम नाही, एवढं ते बोलले. त्याच सुमारास परदेशातल्या एका शांतता परिषदेसाठी त्यांनी एक निबंध पाठवला होता. छापील पुस्तकांतून जे कोणालाही मिळेल तेवढ्यावरच बेतलेला. पावसाळा लागला आणि सरकारी चौकशीची दोन माणसं दारात आली.

वहिनी त्यांना 'मोठा साहेब' आणि 'धाकटा साहेब' म्हणायच्या. दोघंही सभ्य. चपला बाहेर काढल्या, पोहे खाल्ले, आणि मग विचारलं, या निबंधात केंद्रातली कुठली गोपनीय माहिती गेली आहे का? मी तिथे असतो तर चौबळांना टेबलाखालून लाथ मारली असती. मी नव्हतो. चौबळांनी विचार केला आणि उत्तर दिलं, की जाणूनबुजून नाही. पण बावीस वर्षं एका जागी काम केलेल्या माणसाच्या डोक्यात कुठली गोष्ट पुस्तकातून आली आणि कुठली कामातून, हे शंभर टक्के वेगळं काढता येत नाही. त्यांना ते साधं खरं वाटलं. मोठ्या साहेबानं जबाबात लिहिलं, 'गोपनीय माहिती गेली असण्याची शक्यता नाकारत नाहीत.' चौबळांनी वाचलं आणि सही केली, कारण वाक्य बरोबर होतं! नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर ती माणसं पोहे संपवून गेली असती. आरोपीला शंकेचा फायदा मिळावा म्हणून मी जन्मभर घसा फोडला. स्वतःच्या शंकेचा फायदा सरकारला देणारा माणूस मी हा एकच पाहिला.

त्यांचा पासपोर्ट जमा झाला. मुंबईला बोलावणी सुरू झाली. सकाळी जायचं, बाकावर बसायचं, कधी तेच प्रश्न, कधी नुसतंच 'उद्या या'. इकडे पनवेलनं आपले रंग दाखवले. वाचनालयाचा हॉल रंगवायला काढला तो वर्षभर रंगतच राहिला. शाळांना एकदम परीक्षा आठवल्या. सोसायटीच्या गणपतीत आरतीचं तबक त्यांच्यापर्यंत आलं आणि बाजूनं पुढे गेलं. मी ते पाहिलं, ज्यानं नेलं त्याला नंतर जिन्यात गाठून चार शब्द सुनावलेही. चौबळ म्हणाले, "जाऊ द्या हो, त्याला कदाचित दिसलो नसेन." माणसाला शंकेचा फायदा द्यायची ही त्यांची खोड कोणत्याही बाजूनं सुटत नव्हती.

हे सगळं त्यांनी पचवलं असतं. पण श्रावणात अनघाचा फोन आला. अनघा ही त्यांची एकुलती एक मुलगी, नवऱ्याबरोबर परदेशात असते. दोनदा तिचा गर्भपात झालेला. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायला बंदी केली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला येता येत नव्हतं, म्हणजे आईनंच जायला हवं. वहिनींकडे पासपोर्ट नव्हता. अर्ज केला, तर पोलीस पडताळणीत 'पतीची चौकशी चालू' असा शेरा पडून कागद तिथेच बसला. मी खेटे घातले, अर्जावर अर्ज केले, एकाशी तर हातघाईवर आलो. काही झालं नाही. वहिनी मात्र तयारीला लागल्या होत्या. डिंक आणून ठेवला, अळीव निवडून ठेवले, जुनी मऊ लुगडी फाडून दुपटी शिवायला घेतली. नवऱ्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. दुपारभर त्या घरात शिवणयंत्राचा आवाज यायचा, आणि चौबळ समोर बसून तो ऐकत असायचे.

थंडी पडायच्या सुमाराला धाकटा साहेब त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "सर, तुम्ही काही केलेलं नाही हे मला कळतंय. पण तुमचं ते शक्यता-बिक्यता मी वर कसं पाठवू? सरळ 'नाही' म्हणा. बाईंचं काम मोकळं होईल." त्यानं हे चांगुलपणानं सांगितलं की ठरवून, मला आजही कळलेलं नाही. मी चौबळांना आधीच बजावलं होतं, की पहिला जबाब कागदावर आहे, आता त्यात काही फिरवायचं तर मला विचारून. मी आडवा येईन हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून मला न सांगता ते एकटे गेले. दुसऱ्या दिवशी तळ्यावर भेटले तेव्हा म्हणाले, "मी नाही म्हणून आलो." मी म्हटलं, काय नाही? "नुसतं नाही. पुढे-मागे काही न लावता." मी जागच्या जागी थांबलो. तेही थांबले, पाण्याकडे बघत... "फार सोपं असतं हो ते, वकीलसाहेब. जीभ नुसती टाळूला लागते."

पुढच्या आठवड्यात मोठ्या साहेबानं दोन्ही जबाब शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "डॉक्टर, पावसाळ्यात तुम्हाला खात्री नव्हती. आता आहे. मधल्या काळात तुम्हाला कोण भेटलं?"

 याला उत्तर होतं, पण 'माझ्या बायकोचं शिवणयंत्र' हे उत्तर जबाबात लिहिता येत नाही. चौकशी नव्यानं सुरू झाली आणि वहिनींचा कागद आणखी खाली गेला. अनघाला ऑपरेशन करावं लागलं, मुलगा झाला. मुलगा बरा होता, पण ती पुष्कळ दिवस इस्पितळात होती आणि बाळाचं सगळं तिच्या नवऱ्यानं एकट्यानं काढलं. वहिनींनी फोनवर नातवाचं रडणं ऐकलं आणि फोन चौबळांच्या हातात दिला. मी तिथेच बसलो होतो. त्यांनी विचारलं, "वजन किती?" पलीकडून आकडा आला. त्यांनी तो एकदा उच्चारला. पुढचे दोन शब्द आले नाहीत. मी वाट पाहत होतो, वहिनीही पाहत होत्या. ते आलेच नाहीत, त्या दिवशीही आणि नंतरही. थोड्या दिवसांनी पाहिलं तर दाराचा खिळा मोकळा होता. काटा माळ्यावर गेला होता.

पेणच्या एका शाळेनं मध्ये धाडस करून त्यांना बोलावलं. मी खूश झालो, ताटली आणि नकाशा घेऊन निघू म्हणालो. ते म्हणाले, "मी कशाबद्दल बोलू? खोटं बोललेला माणूस आहे मी." मला राग आला. मी म्हटलं, अहो, तुम्ही खरंच बोललात, तुम्ही काहीही दिलं नव्हतं! "असेल. पण मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत आहे असं मी म्हणालो." मी पुष्कळ वाद घातला. वाद घालून पोट भरणारा माणूस मी, पण ते पेणला आले नाहीत. पुढे पुढे तळ्यावर यायचेही थांबले. मी घरी जायचो, ते खिडकीशी बसलेले असायचे. हवेबद्दल बोलायचे.

चौबळांच्या तेराव्याला धाकटा साहेब आला. साधा शर्ट, एकटाच. वहिनींना म्हणाला, "बाई, आता तुमचं काम अडणार नाही." वहिनींनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आता मला कसलीच घाई नाही." तो पाणी न पिता उठला. मेलेल्या माणसाची चौकशी करता येत नाही, त्यामुळे त्याचं म्हणणं खरं ठरलं. पासपोर्ट आला.

परवा मी बॅग भरायला मदत करायला गेलो होतो. नातू आता रांगतो, ती दुपटी त्याला पुरायची नाहीत, तरी वहिनींनी सगळी घातली होती. लाडू, मेतकूट, अनघाचं लहानपणचं वाळं, असं काय काय. विमानात किती वजन चालतं याची त्यांना धास्ती. मला म्हणाल्या, "भावजी, माळ्यावरून तो काटा काढता?" काढला, पुसला, त्याच खिळ्याला टांगला. बॅग दोन्ही हातांनी उचलून अडकवली आणि चौबळ वाकायचे तसा वाकून आकडा वाचला.

"वीस किलो."

"नीट बघा हं," वहिनी म्हणाल्या. "वीसच का?"

मी पुन्हा पाहिलं. काटा किंचित हलत होता. म्हटलं, "वीस. अर्धा किलो इकडेतिकडे."

वहिनी खाली जमिनीवर बसल्या आणि दीड महिन्यात पहिल्यांदा रडल्या.