कुसुमचं कातणं

फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. "मावशी, आई गेल्या," एवढंच कुसुमची सून प्रज्ञा म्हणाली, आणि मी काय बोलावं, तर "थांब गं, दूध उतू चाललंय." या वाक्याची लाज अजून जात नाही. कुसुम असती तर म्हणाली असती, "दूध तरी वाचलं का शैले?" दीड महिना झाला. एका जागी बसवत नाही मला. कपाट आवरायला काढते, अर्धवट टाकते, स्वयंपाकघरात येऊन चमच्यांचा ड्रॉवर उघडते आणि तसाच बंद करते.

त्या ड्रॉवरमध्ये सहा वर्षं कुसुमचं कातणं होतं. शंकरपाळे कापायचं, नागमोडी चाकाचं, पितळी. तिच्या आईनं मुखेडच्या बाजारात घेतलेलं. ते माझ्याकडे होतं हे कुसुमला माहीत नव्हतं.

नांदेडच्या आमच्या कॉलनीत आम्ही सातजणी. दिवाळीच्या आधीच्या रविवारी कुसुमच्या हॉलमध्ये जमायचं. प्रत्येकीनं एकच पदार्थ करायचा, पण सात घरांना पुरेल एवढा. सतरंजीवर डबे मांडायचे, चहा, हसणं-खिदळणं, आणि मग प्रत्येकीनं सगळ्यांचं थोडं थोडं भरून न्यायचं. कुणी विकतचं आणलं तर कुसुम झाकण उघडून नुसती हुंगायची आणि गालात हसायची. माझ्या चकल्यांना म्हणाली होती, "लई कडक झाल्यात गं, भिंतीत ठोकून कॅलेंडर अडकवावं." तेव्हापासून मी शंकरपाळ्यांवर आले. नियम एकच, रिकाम्या हातानं यायचं नाही. "ही अदलाबदल हाय, वाटप न्हाई," हे ती दरवर्षी बजावायची.

माझे यजमान गेले त्या वर्षी आमच्या घरात दिवाळीचं तळण नव्हतं. रीतच तशी. मैत्रिणींनी फराळ आणून दिला, मायेनंच दिला. पण ओट्यावर ते डबे ओळीनं मांडलेले बघून मला रडूही येईना, नुसता संताप येत होता. मागच्या वर्षीपर्यंत मीही देणारी होते ना... एकट्या कुसुमचा डबा आला नव्हता. संध्याकाळी ती स्वतःच आली, मोकळ्या हातानं.

"चल. सगळ्या तुझ्या शंकरपाळ्याची वाट बघून राहिल्यात."

"अगं, यंदा तळण चालत नाही."

"तुझ्या घरी न्हाई चालत. माझ्या घरी कोण काय म्हनतंय?"

तिच्या ओट्यावर मी तास-दोन तास शंकरपाळे कापत होते. तिनं एकदाही माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, कढईकडेच बघत राहिली. त्या रविवारी मी माझा डबा घेऊन गेले. कातणं त्या गडबडीत माझ्या पिशवीत आलं होतं. उद्या देऊ, परवा देऊ म्हणत राहिलं. खरं सांगायचं तर द्यावंसंच वाटेना. आणि पुढच्या दिवाळीत कुसुम सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या आईचं कातणं सुनेनं घालवलं." मी समोर बसले होते. तोंड उघडायला हवं होतं, उघडलं नाही.

कुसुम मनानं मोठी होती, पण सुनेच्या बाबतीत तिचा हात आखडायचा. लातूरची प्रज्ञा, नोकरी करून घर सांभाळणारी. तिनं दिवाळीत फक्त डबे पुसायचे. कढईजवळ येऊ लागली की कुसुम म्हणायची, "ऱ्हाऊ दे, एक कातणं सांभाळता आलं न्हाई तुला." दरवर्षी हे ऐकायचं आणि दरवर्षी मी लाडू उचलून तोंडात टाकायचा. ठरवायचे, एकटी भेटली की सांगेन. ती गेली तशी ती सोयही गेली.

यंदा आम्ही सहाजणींनी ठरवलं, अदलाबदल नको, कुसुमच्या घरी तळण नाही, तिथं फराळ पोचवू. मीही नेला. प्रज्ञानं "थँक्यू मावशी" म्हणत डबा घेतला आणि ओट्यावरच्या डब्यांमागे, पार भिंतीपर्यंत सरकवला. ते सरकवणं मी ओळखलं. मीही असेच सरकवले होते. घरी आले, चप्पल काढली, पुन्हा घातली.

"प्रज्ञा, माझ्या घरी चल. शंकरपाळे करू."

"मला येत नाहीत मावशी. आईंनी कधी हात लावू दिला नाही."

"माहीत आहे. चल."

पोळी जाड लाटली गेली. मी तिच्या हातचं लाटणं घेतलं नाही. मग ड्रॉवर उघडला आणि कातणं तिच्यासमोर ठेवलं.

तिनं लाटणं खाली ठेवलं. "हे... तुमच्याकडे होतं?"

"हो. पहिल्यापासून."

"दवाखान्यातसुद्धा आईंनी मला विचारलं, सापडलं का म्हणून."

तेल तापलं होतं, मी गॅस बारीक केला. तिनं कातणं उचललं आणि पोळीवर जोर देऊन फिरवायला लागली. ओळी वाकड्या आल्या. पहिला घाणा करपला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही मागितलं नाही. जाताना तिनं कातणं धुतलं, पदरानं पुसलं आणि पर्समध्ये टाकलं.

मी बाकीच्यांना फोन करून अदलाबदलीला बोलावलं. रविवारी कुसुमच्याच हॉलमध्ये सतरंजी पसरली. प्रज्ञानं मधोमध डबा ठेवला. "शंकरपाळे मी केलेत," ती म्हणाली. "कातणं सापडलं." एवढंच. माझं नाव तिनं घेतलं नाही.

मला बसवेना. "सापडलं नाही," मी म्हणाले, "माझ्याकडे होतं. सहा वर्षं." माझ्या चहावर साय धरली.

ड्रॉवर मी अजून उघडते. आत चमचे आहेत, बाकी काही नाही. तरी उघडला की कुसुमचा आवाज ऐकू येतो, "शैले, माझं कातणं कुठं गेलं गं?" आता मी तिला उत्तर देते, मोठ्यानं, रिकाम्या स्वयंपाकघरात.

"तुझ्या सुनेकडे."