चौदा नंबर

खारबावात घराघरांत इंटरनेटची तार ओढली ती महादूने. शिक्षण सातवी, पण आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवरचा प्रत्येक कॉम्प्युटरचा नंबर, असा समजावायचा की इंजिनियरने गप्प बसावं. "वाडीत दोन घरांना एकच नंबर दिला, तर पोस्टमन जानार कुठं?"

गावाच्या वाट्याला केबलवाल्या मालकाने दोन ते पन्नास एवढेच आकडे दिले होते. २००६च्या उन्हाळ्यात सगळे संपले, उरला एकटा चौदा. तो उन्नतीचा, महादूच्या मुलीचा. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला कावीळ झाली आणि आठ दिवसांत पोर गेली. दीड वर्ष झालं, तरी महादूच्या वहीत चौदासमोर तिचंच नाव. "मेलेल्या माणसाला नेट कशाला रे?" मालक तोंडावर म्हणाला. बोलताना जीभ कशी झडत नाही एकेकाची!

शेवटी एका सकाळी नवं कनेक्शन मागणाऱ्या मोहिउद्दीनभाईंच्या कॉम्प्युटरसमोर महादूने मन घट्ट केलं. चौदा टाकला, ओके दाबलं. लगेच चौकट आली: हा पत्ता दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालू आहे.

पुन्हा टाकला, पुन्हा तेच. चौदा अख्ख्या गावात एकाच, उन्नतीच्या कॉम्प्युटरमध्ये होता आणि त्याच्यावर दीड वर्ष चादर होती. त्याची तार तेवढी काढायला महादूचा हात धजला नव्हता.

"काय झालं, महादूदादा?" मोहिउद्दीनभाईंनी विचारलं.

"आलो," म्हणत महादूने सायकल काढली. भर उन्हात तडक घर गाठलं.

दार लोटलेलं होतं. आत चादर बाजूला, कॉम्प्युटरचा पंखा घरघरतोय, पडद्यावर उन्नतीचं नाव आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. खुर्चीत कोणी नाही. महादू उंबऱ्यातच थांबला.

तेवढ्यात चुलीजवळून बायकोचा, पुतळाबाईचा आवाज आला. "उन्नती, बघ गो कोन आलंय."

पिठाच्या हातांनी ती बाहेर आली आणि नवऱ्याला बघून पार ओशाळली.

"मी काय बिघडवलं न्हाय," ती म्हणाली. "तुमी गेल्यावर बटन तेवढं दाबते. आवाज येतो ना त्याचा... पोर अभ्यासाला बसलीय असं वाटतं. मंग भाकऱ्या होतात माझ्या."

रागवायला तोंड उघडलं, पण महादूला रडूच फुटलं. ते ओसरल्यावर त्याने मोबाईल काढला.

"मोहिउद्दीनभाई, मालकाच्या पाया पडून एक्कावन्न आनतो तुमाला. चौदा न्हाय मिळनार. त्या घरात मानूस हाय."