ढाळजेतल्या गोचिड्या

लातूर जिल्हा झाला त्याचा आनंद किशनरावाला असा, जणू जिल्हा त्यानंच केला. नवे कलेक्टर साहेब दुष्काळ बघत शिरूर अनंतपाळकडनं येणार, अशी खबर लागली आणि ह्या शहाण्यानं टँकरच्या पाण्यात चुना कालवायला घेतला. जीप घरावरून जाणार, तर भिंत पांढरी नको?

त्याची बायको तुळजाबाई उंबऱ्यात बसून हे बघत होती. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं, पण नुसत्या 'ओ'मध्ये ती त्याची इज्जत काढायची.

"ओ, साहेब काय भिंत चाटनार हाय का?"

"तुला काय कळतंय? जिल्हा झालाय आता."

"झाला की. गोचिड्यांला सांगा जाऊन."

चारा छावणीतून बैल परत आणले तेव्हा कानांत, शेपटीखाली एरंडाच्या बियांसारख्या गोचिड्या लटकत होत्या. बैल ढाळजेत, म्हणजे दारातून आत शिरलं की पहिल्याच पडवीत बांधलेले. दरसाली भिंती लिंपायचे. औंदा प्यायलाच पाणी नाही. भिंतींना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि बैलांवरनं उतरून गोचिड्यांनी तिथं बिऱ्हाडं केली. भिंतीपलीकडच्याच खोलीत लेक तारामती पहिलटकरीण, दिवस भरलेली. कोवळ्या जिवाच्या कानात एखादी शिरली तर? तुळजाबाईच्या पोटात हेच एक भ्या होतं.

"माय, मानंला काय चिकटलंय बघ की," तारामती आतून ओरडली.

किशनराव जळती बिडी घेऊन धावला. "चटका दिला की सुटतीय."

तुळजाबाईनं त्याचा हात झटकला. "चटका दिला तर ती सगळी घान आत ओकून सोडती. तुमच्या आईनं तुमाला आसंच चटके दिले आसतील. डोस्क्याचं काय झालं ते दिसायलंयच."

काटे काढायचा चिमटा घेऊन तिनं गोचीड अगदी कातड्यालगत धरली, न पिळता सरळ ओढली आणि चुलीत टाकली. चट् वाजलं. मग साबणानं मान धुतली. "ताप आला, अंगावर काय उठलं, तर लपवू नको. दवाखान्यात जाऊ."

एवढं बोलून ती बाहेर गेली आणि नवऱ्यानं निम्मी भिंत रंगवून ठेवलेली चुन्याची बादली तिनं मातीच्या ढिगावर उपडी केली.

"आगं, साहेब यायलाय अन् तू—"

"यिऊ द्या. माझं नातवंड आधी यायलंय."

चिखल तुडवून ती भेगांत गच्च भरू लागली. चुन्यानं हात चरचरत होते, तोंड त्याहून.

"बैल भाईर काढा. तुमच्या पांढऱ्या भिंतीलाच बांधा. साहेबाला दुष्काळ बघायचाय न्हवं? बरगड्या दिसू द्या."

"लोक हसतेल गं."

"रोजच हसायलेत. तुमाला ऐकू येत न्हाई एवढंच."

बैल बाहेर गेले. ढाळजेत कोंबड्या सोडल्या, केर गोळा करून जाळला, तारामतीची बाज भिंतीपासून ओढून मधोमध घेतली. किशनराव बैलाच्या कानातल्या गोचिड्या काढत उकिडवा बसला होता, तेवढ्यात जीप आली. त्यानं मातकट हातानं रामराम घातला. जीपनं धुरळा घातला.

दिवेलागणीला तारामती बाळंत झाली. मुलगी. किशनराव धावत खोलीच्या दारात आला.

"तितंच! बैलांत बसून आलाव. पटका सोडा."

"मी आजा हाय तिचा!"

"म्हनूनच. परका आसता तर गावाभाईर उभा केला आसता."

पटका झटकला. घडीतून एक गोचीड पडली आणि निवांत चालू लागली. तुळजाबाईनं ती चिमट्यानं उचलून रॉकेलच्या डबीत बुडवली आणि नवऱ्याकडं असं बघितलं, की त्यानं न सांगता सदराही काढला, धोतरही सोडलं.

मग लंगोटीवर, हात जोडून, उंबऱ्याबाहेरनंच आजोबानं नात बघितली.